बाळंतघराची जागा

मी, आवडाबाई भ्रतार नानासाहेब गायके, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शेती आणि घर, राहणार मौजे पळसखोरी, तालुका गंगापूर, जिल्हा छत्रपती संभाजीनगर, आज पूर्ण शुद्धीवर आहे. कोणी शिकवलं म्हणून नाही आणि कोणी धमकावलं म्हणूनही नाही, माझ्या मागं माझ्या मिळकतीचं काय करायचं ते मी माझ्या मनानं लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो माझ्या मुलाच्या समाधानासाठी आहे, मला त्याची गरज नव्हती.

अक्षर वकील प्रेरणा खंडागळे यांचं आहे, बोलणं माझं आहे. त्यांनी मला बजावलं की आजी, मृत्युपत्रात मिळकत लिहितात, तकरारी लिहीत नाहीत. मी म्हटलं, बाई, माझी निम्मी मिळकत तकरारीच आहेत, त्या काय बेवारस सोडू? तेव्हापासून त्या गुमान लिहीत आहेत.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझा मुलगा ऋतुराज याने मागच्या उन्हाळ्यात एका कोऱ्या कागदावर माझी सही मागितली होती. 'माय, बँकेचं काम हाय,' म्हणाला. मी म्हटलं, बँकेत मी येते की, पाय आहेत मला. मग ते काम राहूनच गेलं. माझ्या नावाचा दुसरा कागद कुठं निघालाच तर तो माझा समजू नये.

कलम १. वारस. मला दोन लेकरं. थोरला ऋतुराज, गावाचा उपसरपंच. धाकटी सुरेखा, भ्रतार धम्मपाल दाभाडे, राहणार हर्सूल. सुरेखाचं नाव तिच्या बापानं रेशन कार्डातून काढलं, लग्नाच्या पत्रिकांतून काढलं, घरातल्या बोलण्यातूनही काढलं. बाप वारल्यावर वाटणीच्या वेळी तिच्याकडून हक्कसोडीवर सही घेतली, तीही तिनं करून दिली. या कागदात मी तिचं नाव परत घालत आहे.

कलम २. घर आणि शेती. राहतं सिमेंटचं घर, पुढं वेगळं लिहिलेलं सोडून बाकी सगळ्या सामानासकट, आणि माझ्या वाटणीला आलेली मोसंबीची व आल्याची जमीन ऋतुराजला द्यावी. यात माझी कुरकुर नाही. त्यानं आल्यात कष्ट केले आहेत, पाण्याची सोय त्यानंच केली, म्हाताऱ्या बापाचं हागणंमुतणंही त्यानंच काढलं. पोरगं वाईट नाही. त्याला रस्त्यालगतची जागा दिसली की अंगात वारं शिरतं, एवढंच.

कलम ३. बाळंतघराची जागा, आणि ती माझ्याकडं कशी आली. सगळं भांडण या जागेचं आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते. पूर्वेला लासूर स्टेशनला जाणारा डांबरी रस्ता, पश्चिमेला आमची मोसंबी, उत्तरेला देवस्थानाची पडीक, दक्षिणेला नाला. मधे दोन खाटांची सरकारी इमारत आहे. पाटीवर तिचं नाव 'प्रसूती उपकेंद्र' असं आहे. गावात त्या नावानं कोणी विचारलं तर त्याला रस्ता सापडणार नाही. आम्ही बाळंतघर म्हणतो.

आमचे मालक नानासाहेब यांची धाकटी बहीण रूपा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणली होती. आणायची म्हणजे आणलीच पाहिजे, आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरचं. ऐन वेळेला नाल्याला पूर होता. जीप पलीकडं उभी होती आणि ती अलीकडं बाजेवर. ती गेली, पोटातलं लेकरूही गेलं. सासरची माणसं आली, एका शब्दानं बोलली नाहीत, तिच्या वस्तू घेऊन निघून गेली. ते न बोलणं नानासाहेबांच्या फार जिव्हारी लागलं. दुसऱ्याची सून आपण विश्वासानं आणली आणि राखू शकलो नाही, असं ते पुष्कळ दिवस म्हणत होते. पुढं सरकार केंद्राला जागा शोधत होतं, तेव्हा भर ग्रामसभेत उभं राहून त्यांनी ही जागा गावाला देऊन टाकली.

दिली ती तोंडानं. बक्षीसपत्र केलं नाही. आपला शब्द म्हणजेच रजिस्ट्री, अशी त्यांची समजूत. ते वारल्यावर वाटणी झाली तेव्हा कागदावर जागा आमचीच निघाली. ऋतुराज म्हणाला, 'दवाखान्याखालची जागा, ना पेरायची ना विकायची, राहू द्या मायच्या नावावर.' मग रस्ता रुंद झाला. त्याला पेट्रोल पंपाची आणि मंगल कार्यालयाची स्वप्नं पडायला लागली, आणि माझ्या नावावरची पडीक जागा एकाएकी वडिलोपार्जित झाली.

ऋतुराज म्हणतो, बापानं दान दिलंच नव्हतं, नुसती वापरायला दिली होती. यावर माझी साक्ष पुढीलप्रमाणे.

सुरेखानं आपल्या मनानं लग्न केलं, गावातल्याच गोजरबाई कचरू दाभाडे यांच्या धम्मपालशी. आयटीआय शिकलेला, निर्व्यसनी पोरगा. नानासाहेबांनी जातीपुढं काही बघितलं नाही. 'ती माझ्या जमिनीवर पाय ठेवणार नाही,' असं त्यांनी चारचौघांत सांगितलं, आणि आमची जमीन गावाच्या तिन्ही अंगांना आहे. नवराबायको हर्सूलला राहायला गेली. तिला दिवस गेले, महिने भरत आले. शहरात मोठमोठे दवाखाने होते. पण पहिलं बाळंतपण आणि माहेर नाही, हे तिच्या मनाला लागलं असणार. तिच्या सासूनं, गोजरबाईनं, तिला पळसखोरीला आणलं आणि बाळंतघरात दाखल केलं.

मला कळलं तसा मी भाकरीचा आणि कढीचा डबा भरला. नानासाहेब दारात आडवे आले.

'कुठं निघालीस?'

'बाळंतघरात.'

'माझ्या जमिनीवर ती आलीच कशी?'

मी म्हटलं, 'ती जमीन तुमची नाय. तुम्ही गावाला दिली, सगळ्यांदेखत दिली. का परत घेतली? घेतली असंल तर सांगा, मी तिला उठवून आणते.'

ते ओट्यावर बसले. मग म्हणाले, 'नाय घेतली.' आणि दारातून बाजूला झाले.

वकीलबाई, हे दोन शब्द जसेच्या तसे लिहा. स्वतःच्या लेकीवर राग असताना, एक शब्द फिरवला असता तर तिला हाकलता आलं असतं, अशा वेळी त्या माणसानं शब्द फिरवला नाही. कोर्टात तोंडी दान टिकत नाही हे तुम्ही मला सांगितलंत. माझ्या घरात ते टिकलं पाहिजे, माझं म्हणणं एवढंच आहे.

सुरेखाला मुलगा झाला, सम्यक. नाळ मालनबाई सिस्टरनं कापली आणि पहिलं लुगड्यात मी घेतलं. नानासाहेब बघायला आले नाहीत, शेवटपर्यंत आले नाहीत. बहिणीसाठी जागा देणारा माणूस लेकीसाठी शंभर पावलं चालला नाही. त्यांना मी माफ केलं की नाही ते इथं लिहिणार नाही. ते आमचं वर गेल्यावर समोरासमोर होईल.

कलम ३ (अ). बंद करण्याची भाषा. दोन वर्षांपूर्वी वरच्या ऑफिसातून पत्र आलं की इथली बाळंतपणं थांबवून सेवा तालुक्याच्या रुग्णालयाला जोडायची. कारण काय, तर घरोघर पाहणी केली आणि असं दिसलं की या गावच्या बायका इथं बाळंत होतच नाहीत. ऋतुराजनं मान डोलावली. मला म्हणाला, 'माय, दोन खाटांवर कोण बाळंत होतंय आता? गाडी हाय, रस्ता हाय, शहरात येकापेक्षा येक दवाखाने हायेत.' मी म्हटलं, गाडी तुझ्याकडं हाय. वस्तीवर कोणाकडं हाय ते सांग.

एक गोष्ट नीट लिहा. मोठा दवाखाना नको असं आम्ही कधीच म्हणालो नाही. अवघड बाईला मालनबाई स्वतः गाडीत घालून शहरात न्यायची, वाटेत तिचा हात सोडायची नाही. आमचं म्हणणं, सरळ बाळंतपण घराजवळ होऊ द्या, आणि अवघड कोणतं ते वेळेत ओळखणारं माणूस गावात राहू द्या. रूपाला तेवढंही मिळालं नव्हतं.

बाळंतघरासमोर पहिली चटई टाकली ती गोजरबाईनं. आमची विहीण. सुरेखाच्या लग्नापासून आम्ही एकमेकींना दिसायचो पण बोलत नव्हतो. मी गेले तेव्हा ती म्हणाली, 'पाटलीणबाई, उन्हात बसाल?'

'तू बसलीस तर मी बी बसते.'

'हितं खुर्ची नाय.'

'मी मागितली का?'

ती सरकली, मी बसले. संध्याकाळपर्यंत ती एवढंच बोलली की पाणी घ्या. दुसऱ्या दिवशी मात्र 'इहीनबाई' म्हणाली. मग आमची गाडी जी सुरू झाली ती लोकांना थांबवावी लागली.

महिनाभरात निम्मं गाव तिथं बसायला लागलं. वस्तीतल्या बायका, मळ्यातल्या बायका, लहान लेकरं, डबे, सगळं. वरच्या ऑफिसातले साहेब बघायला आले. चांगला माणूस, आवाज चढवला नाही. त्यांनी साधा सवाल केला, 'तुमच्यापैकी इथं बाळंत झालेल्या किती?' दोघीतिघींचे हात वर झाले. एक म्हणाली मी वैजापूरला झाले, एक म्हणाली कन्नडला. साहेबांनी मला विचारलं, 'आजी, तुम्ही?' मी म्हटलं, 'मी दौलताबादला, माझ्या आईकडं.' पोरी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. साहेबही हसले, पण लिहायचं ते त्यांनी लिहिलं.

आमची अक्कल तिथं उघडी पडली. आम्ही सगळ्या सुना बसवल्या होत्या. सून बाळंत होते तिच्या माहेरी. आमच्या बाळंतघरात बाळंत होतात त्या आमच्या लेकी, आणि लेकी त्यांच्या सासरी. पाहणीवाले घरोघर विचारत फिरले ते सुनांनाच विचारत फिरले. त्यांनी जी चूक केली तीच आम्ही उन्हात बसून केली. त्या दिवशी चटई गुंडाळताना गोजरबाई म्हणाली, 'इहीनबाई, आपण पाव्हण्यांचा मोर्चा काढला. घरच्या पोरी बोलावल्याच नाय.'

आता लेकींना बोलवायचं कसं? मोर्चाला जायचंय म्हटलं तर कोणतं सासर सुनेला सोडतं? पण नागपंचमीला मुराळी दारात आला, माहेरचं माणूस लेकीला न्यायला आलं, तर त्याला कोणी रिकामं परत लावत नाही. हल्ली पोरी फोन करून स्कूटीवर येतात, मुराळी धाडायची पद्धत मोडत चालली आहे. आम्ही ठरवलं की या पंचमीला ज्या घरची लेक बाळंतघरात बाळंत झाली त्या घरातून मुराळी गेलाच पाहिजे, आणि साहेबांची महिला ग्रामसभा पंचमीच्या दुसऱ्या दिवशी ठेवून घ्यायची.

गोजरबाईनं अडचण काढली. 'आमच्या पोरी पंचमीला येत नाय. आमच्या येतात चौदा एप्रिलला.' म्हटलं, मग कसं करायचं? ती म्हणाली, 'येतील की. सणाला नाय, सहीला येतील. मुराळी मातर धाडते. आम्हाला काय भाऊ नाय का?'

घरोघरचे भाऊ निघाले. कोणी लासूरला, कोणी खुलताबादला, कोणी थेट जालन्याकडं. मी ऋतुराजला म्हटलं, सुरेखाला तू जा. बापाला तो दादा म्हणायचा. म्हणाला, 'दादांनी जिचं नाव काढलं तिला मी आणू? आन् ते बी माझीच जागा घालवायला?' नवं लुगडं नेसले, लाह्या आणि पुरणाचे दिंड फडक्यात बांधले आणि काळीपिवळी जीपनं हर्सूलला गेले.

सुरेखानं दार उघडलं. मी म्हटलं, 'मुराळी आलोय.'

'आई, मुराळी म्हणून बाप्या माणूस येतो.'

'बाप्या माणसांना सवड नाय.'

'आणि मी आता नाग पुजत नाही.'

'नागाला कोण बोलावतंय? तुला बोलवायला आले.'

ती आत गेली. मला वाटलं रागानं गेली. ती पिशवी भरत होती. पिशवी भरता भरता रडत होती आणि मला म्हणत होती, 'एवढ्या वर्षांत कोणी आलं नाही गं, कोणीच आलं नाही.' मीही रडले. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

ग्रामसभेला साहेबांनी तोच सवाल केला. या वेळी मांडवातल्या पोरी हात वर करत उभ्याच राहिल्या. काहींनी लेकरं आणली होती, एकीचं लेकरू तिच्यापेक्षा उंच होतं. सम्यक कॉलेज बुडवून आला होता. साहेबांनी विचारलं, तू कशाला उभा? तो म्हणाला, 'सर, मी इथं झालो.' साहेबांनी कागद बदलला. पुढच्या पाहणीपर्यंत सेवा चालू ठेवावी, असं त्यात आलं. पण त्याच कागदाच्या खाली आणखी एक ओळ आली. जागेबाबत कुटुंबातून हरकत आहे, ती मिटली नाही तर सेवेचा पुन्हा विचार करावा लागेल. हरकत ऋतुराजची. उपसरपंचाच्या शिक्क्यानिशी.

ही हरकत मिटवण्यासाठी हे मृत्युपत्र आहे.

कलम ४. जागेची वासलात. वरील चतुःसीमेतली जागा माझ्या पश्चात सुरेखा भ्रतार धम्मपाल दाभाडे हिच्या एकटीच्या मालकीची व्हावी. तिथं बायका बाळंत होत आहेत तोवर तिनं भाडं मागू नये, अडवू नये, आणि कोणी अडवलं तर आडवं यावं. बाळंतघर कोणी बंद केलं तर जागेचा ताबा सुरेखानं घ्यावा. ती जागा ऋतुराजला किंवा त्याच्या वारसांना विकत, भाड्यानं, बक्षीस, अदलाबदलीनं, कशानंही देऊ नये. अशी अट पुढं किती टिकेल ते सांगता येत नाही, असं वकीलबाई म्हणतात. जेवढी टिकेल तेवढी टिकवावी.

जागा आजच सरकारला का लिहून देत नाही, असं गोजरबाईनंही विचारलं. उद्या बाळंतघर हलवून तिथं खताचं गोदाम केलं तर मी कोणाला जाब विचारू? जागा माणसाच्या नावावर असली की दारात जाऊन भांडता येतं. मी जिवंत आहे तोवर जागा माझी आहे आणि बाळंतघराला माझी रजामंदी आहे, असं पत्र ऑफिसला आजच दिलं आहे.

ऋतुराजला वाटेल की मायनं राग काढला. राग आहे, पण हे रागानं केलेलं नाही. माणसाला ज्यात फायदा दिसतो तेच खरंही वाटायला लागतं. बाळंतघर बंद पडलं तर त्याला जागा सुटत होती, म्हणून त्याला दोन खाटा निकामी दिसत होत्या. मी फक्त त्यातला फायदा काढून घेतला आहे. आता त्यानं मोकळ्या मनानं गावाला सांगावं, बाळंतघर पाहिजे की नको. तो सांगेल ते मी ऐकेन, म्हणजे जिथं असेन तिथून.

कलम ५. ठेव. बँकेत माझ्या नावावर जी ठेव आहे तिच्यातून बाळंतघराला पडवी काढावी. आत बाई कळा देते आणि तिची आई बाहेर लिंबाखाली मातीत बसते, पावसात दप्तराच्या खोलीत अंग चोरून उभी राहते. तिला टेकायला भिंत आणि बसायला फरशी असावी. दगडावर माझं नाव घालू नये. घालायचंच तर रूपाचं घालावं.

कलम ६. विहिणीचा मान. लेकीच्या लग्नात विहिणीला मान द्यायचा असतो. सुरेखाच्या लग्नात आमच्याकडून गोजरबाईला साधा रुमालही गेला नाही. तो मान राहिलेला आहे. माझी पैठणी आणि न्हाणीतलं तांब्याचं घंगाळ तिला द्यावं. पैठणी बघून ती म्हणेल, लई भडक हाय, मी नाय नेसायची. नेसू नये, पण घ्यावी. नको म्हणायचा हक्क तिला नाही.

मात्र तिच्या शेळीनं माझी मेथी तीनदा खाल्ली, ते मी विसरलेले नाही. वकीलबाई लेखणी खाली ठेवून म्हणाल्या, 'आजी, मृत्युपत्रात शेळी?' मी म्हटलं, लिहा. मान वेगळा आणि मेथी वेगळी.

कलम ७. मोनिका. माझी सून, ऋतुराजची बायको. माझी एकदाणी, पाटल्या आणि दोन्ही नथी तिला द्याव्यात. तिची स्वतःची दोन्ही बाळंतपणं शहरात झाली, बाळंतघराशी तिचा काडीचा संबंध नाही. तरी साहेबांना गेलेले आमचे सगळे अर्ज तिनं कॉम्प्युटरवर लिहिले, ऋतुराज झोपल्यावर नाही, त्याच्या समोर बसून, पोरांचा अभ्यास घेतेय असं सांगून. ऋतुराज, तुला हे आत्ता कळत असेल तर तिला काही बोलू नकोस. अर्ज चांगले होते, तूच एकदा वाचून म्हणालास, 'कोण लिहून देतंय यांना, पक्का माणूस दिसतोय.'

कलम ८. अंमल. या कागदाप्रमाणं सगळं करून घेण्याचा अधिकार मी वकील प्रेरणा खंडागळे यांना देते. त्या तरुण आहेत, नाही म्हणायला घाबरत नाहीत, आणि गावात त्यांची जमीन नाही.

कलम ९. माझी मयत. मी गेल्याचं सुरेखाला फोनवर कळेलच, फोन कोणाचे थांबत नाहीत. पण फोन म्हणजे बोलावणं नाही. ऋतुराजनं स्वतः हर्सूलला जावं. ड्रायव्हर नाही, मित्र नाही, स्वतः. तिच्या दारात उभं राहून 'सुरेखा, माहेरी चल' एवढं तोंडानं म्हणावं. तिला आणि धम्मपालला गाडीत घेऊन यावं. गावात शिरल्यावर आधी घराकडं वळू नये, बाळंतघरापाशी उतरावं, आणि जागा तुझी आहे असं तिला लोकांदेखत सांगावं. मग दोघा बहीणभावांनी बरोबर घरी यावं. तोवर मला उचलू नये.

वकीलबाई म्हणाल्या, 'आजी, बाकीचं मी बघते, पण ही अट कोर्टात चालायची नाही. तो गेलाच नाही तर कोणी काही करू शकत नाही.'

मी म्हटलं, कोर्टाला मधे कोण आणतंय? मी ओट्यावर असेन. सगळं गाव दारात असेल, पाहुणे घड्याळ बघत असतील, आणि जो तो त्याला विचारत असेल की बहीण कुठं आहे. बघू किती वेळ बसवून ठेवतो मला. मला काही घाई नाही.

हे सर्व मला मोठ्यानं वाचून दाखवलं. दोन ठिकाणी मी दुरुस्ती सांगितली, ती केली. माझं म्हणणं यात आलं आहे, म्हणून माझ्या हातानं सही करत आहे.

(सही) आवडाबाई नानासाहेब गायके

साक्षीदार. आवडाबाईंनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली. या कागदात आम्हा दोघांना काहीही मिळत नाही.

१. (सही) मालनबाई त्रिंबक पवार, निवृत्त परिचारिका, बाळंतघर, पळसखोरी

२. (सही) राजकुमार भागाजी सोनवणे, पिठाची गिरणी, पळसखोरी

ठिकाण: मौजे पळसखोरी, बाळंतघरासमोरील लिंबाखाली
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५